तात्पुरतं

बेगमपुऱ्यात, विद्यापीठाच्या कमानीच्या अलीकडे
माझं झेरॉक्सचं दुकान.
दोन मशिनी, त्यातली एक चालू.
सुहैर दर गुरुवारी येते, छातीशी फाईल धरून.
सुदानची. मातीचं रसायनशास्त्र शिकायला आली होती,
तेवढ्यात तिकडे घर गेलं
आणि इकडे पासपोर्टची मुदत.
तिची हिंदी बाजारातली, माझी इंग्रजी फॉर्मवरची,
भागतं.

भाऊ मुतासिम तिसऱ्याच देशात,
वाळवंटाच्या कडेला, कुंपणाच्या आत.
फाटकावर पाटी आहे म्हणाली: तात्पुरतं निवारा केंद्र.
अडीच वर्षं झाली.
मी तिला आपला शब्द सांगितला. तात्पुरतं.
तिने दोनदा म्हणून पाहिला, तिसऱ्यांदा जमला.
म्हटलं, यात पुरतं आहे बघ,
पण कुणाला पुरतं, कुठवर पुरतं,
ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मी त्या शब्दात रांगायला शिकले.
धरणी हलली त्या साली मी पोटात होते.
पिंपळसांगवीला पत्र्याची शेडं मिळाली, सहा महिन्यांसाठी.
आमचं एकेचाळीस ब.
मी त्यातून पहिलीत गेले.
बाप खिळ्याने पत्र्यावर महिन्याची रेघ मारायचा,
अडुसष्ट रेघा.
मे महिन्यात आतला तांब्या हातात धरवायचा नाही.
परदेशी पाहुणे यायचे, टोप्या घातलेले,
आमची डोकी मोजायचे.
दुसऱ्या महिन्यात दुसरे, पुन्हा मोजायचे.
आम्ही तेवढेच भरायचो.

सुहैरच्या फाईलमध्ये पाच देशांचे कागद.
एक म्हणतो, विमान आम्ही देतो.
एक म्हणतो, पैसे देतो, माणसं नकोत.
एक म्हणतो, चाळीस घेतो, पण सुतार असले तर.
एकाची निवडणूक आहे.
ज्याच्या जमिनीवर कुंपण आहे तो म्हणतो, लवकर आटपा.
आमच्याकडे वाटणीला बसले की भाऊ
जास्तीसाठी डोकी फोडतात.
हे कमीसाठी बसलेत.
तरी बसलेत, ती म्हणाली.
न बसलेले मी पाहिलेत.

मागच्या गुरुवारी मी घरून ब्लँकेट आणलं.
शेडात वाटलेलं, करडं, कडेला शिवलेली कापडी पट्टी.
पट्टीवरची अक्षरं गावात कुणालाच लागेनात.
मशिदीतल्या हाफिजचाचांना दाखवलं तेव्हा म्हणाले,
ही आयत नाही, पण लिपी तीच,
पाय लागू देऊ नका.
आईने ते उशाकडे घेतलं, पायथ्याला कधीच नाही.
तीस वर्षांत एकदाही धुतलं नाही.

सुहैरने पट्टी उजेडात धरली.
ओठ हलले, मग थांबले.
मग ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं,
स्टुलावरून पडायची बाकी होती.
लिहिलं होतं:
थंड पाण्यात धुवा.
आगीपासून दूर ठेवा.

हसून झाल्यावर ती पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली.
कुठल्या गावात शिवलं असेल, म्हणाली.
मला काय माहीत.

आज गुरुवार नाही तरी आली.
दुसऱ्या यादीत नाव आहे मुतासिमचं.
देशाचं नाव तिला म्हणता येत नाही, मलाही नाही,
मधे दोन टिंबं असलेलं अक्षर आहे.
नाव आहे म्हणजे अजून काही नाही:
डॉक्टर, मुलाखत, पुन्हा डॉक्टर, मग कुणाची तरी सही.
कागदांच्या चौदा प्रती.
मशीन अकराव्याला अडकली.
मी झाकण उघडून कागद ओढत होते, तेव्हा तिने विचारलं,
पक्कं घर मिळालं त्या दिवशी
तुझ्या आईने आधी काय केलं?

दार लावलं, म्हटलं.
मग उघडलं. मग परत लावलं.
शेडला गोणपाट होतं ना.

किती वेळा?

दिवेलागणीपर्यंत.
शेवटी बाप ओरडला, बिजागरी जाईल म्हणून.